दोन माझे, तीन कुणाचे

सकाळी सात वाजता गावच्या कर्ण्यातून बान जेसोपनं घसा खाकरला, तेव्हा प्यो माल्सुन मिठागराच्या शेवटच्या वाफ्यात गुडघ्यांवर बसून तळाच्या फरशा घासत होती. हंगाम तोंडावर आला होता. आठ दिवसांनी उधाणाची भरती होती. त्या दिवशी उघाडीचं दार वर करायचं, समुद्र आत घ्यायचा आणि मग वाफ्यावाफ्यातून पाणी फिरवत त्याला मिठापर्यंत आणायचं. एकतीस वर्षं ती हेच करत आली होती, आणि नवरा गेल्यापासूनची सहा वर्षं एकटीनं.

“गावकरी मंडळी, गावप्रमुख बोलतोय,” कर्णा म्हणाला. “वीस एप्रिलला सकाळी अकरा वाजता हॉलमध्ये बैठक आहे. विषय, माल्सुन वहिनींचं मिठागर. तिथलं मीठ उडून आपल्या सोलर पॅनलांवर बसतं आणि वीज कमी पडते, अशी तक्रार आहे. जमीन गावाची आहे. मतं पडली तर पाच मेला मिठागर बुजवायचं, आणि तिथंही पॅनल बसवायचे. कंपनीच्या इंजिनिअर बाई येणार आहेत. दुसरं म्हणजे, कुणाचा तरी कुत्रा धक्क्यावर वाळत घातलेली मासळी खातोय. त्याला बांधून ठेवा.”

माल्सुननं घासणी पाण्यात आपटली. जेसोप तिच्या नवऱ्याचा चुलत भाऊ. आदल्याच संध्याकाळी तिच्या ओट्यावर बसून शिंपल्यांचं सूप दोन वाट्या प्यायला होता, मिठाचं पोतं खांद्यावर टाकून गेला होता, आणि या विषयावर त्यानं तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. तोंडावर बोलायची हिंमत नाही म्हणून माणसानं कर्णा वापरावा, आणि तोही कुत्र्याच्या जोडीला. कुत्र्याआधी तिचा नंबर लावला होता, एवढाच काय तो मान.

गामादो बेटावर पूर्वी मिठागरंच मिठागरं होती. तरुण माणसं शहरात गेली, शाळा बंद पडली, वाफे ओस पडले. दोन वर्षांपूर्वी गावानं आपल्या ओसाड वाफ्यांवर पॅनलांच्या बारा रांगा उभ्या केल्या. वर्षभरात किती वीज निघेल याचा अंदाज कंपनीच्या मिन युनसो नावाच्या इंजिनिअर बाईनं करून दिला होता. विजेच्या उत्पन्नात घराघराचा वाटा होता. पण अंदाज शंभराचा, आणि निघायचे पंच्याण्णव. दोन्ही वर्षं तेच. पाच कुठं जातात ते कुणाला कळेना, आणि जे कळत नाही त्याचं खापर फोडायला शेजारी एक एकटी बाई मीठ पिकवत होतीच.

ती तशीच चिखलाच्या बुटांनी पॅनलांच्या टपरीवर गेली. तिथं चु दोकमान बसला होता. सगळं गाव त्याला कॅप्टन म्हणे. चाळीस वर्षं मासेमारीची बोट चालवून तो आता पॅनलांची देखभाल करत होता. रोज संध्याकाळी आकडा लिहायचा आणि वर्षातून चार वेळा रांगांची हँडलं फिरवून पॅनलांचा उतार बदलायचा. थंडीत सूर्य खाली असतो तेव्हा पॅनल उभे, उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतो तेव्हा जवळजवळ आडवे.

“कॅप्टन, तक्रार तुमची का?”

“माझी एकट्याची नाही. गावाची.” कॅप्टननं कॉफीची पुडी कपात रिकामी केली. “माल्सुन, राग धरू नकोस. मीठ उडतं हे खरं आहे की नाही? माझ्या खिडकीच्या काचेवरसुद्धा बसतं.”

“खिडकी पुसता की नाही?”

“पुसतो की.”

“मग पॅनल का नाही पुसत?”

“बारा रांगा आहेत. माझी कंबर बघ, वय बघ.”

“मी पुसते,” माल्सुन म्हणाली. “माझ्या बाजूची पहिली रांग. रोज पहाटे, गोड्या पाण्यानं. तुम्ही रोज पहिल्या आणि दुसऱ्या रांगेचा आकडा वेगवेगळा लिहायचा. माझं मीठ किती खातं ते बघू. अंदाज नको, मोजमाप हवं.”

कॅप्टन हसला. “पुस. फुकट काम कोण नाही म्हणेल.”

सात दिवस ती पहाटे उठून पाण्याची टाकी ट्रॅक्टरवर लादून नेत होती. हंगाम तोंडावर, वाफे अर्धे घासायचे राहिलेले, आणि ही गावाच्या काचा धूत होती. तिचा राग पाण्याबरोबर वाहून जात नव्हता, उलट दर पॅनलागणिक चढत होता. वाटेनं जाणाऱ्या बायका विचारत, “काय गं, मिठागर सोडून मोलकरीण झालीस?” आणि ती म्हणे, “हो, तुमचीच. पगार वाढवा.” पाइपाचं पाणी पॅनलावरून सरळ खाली येऊन तिच्या बुटात जायचं, भिंत धुतल्यासारखं. चौथ्या दिवशी ती कॅप्टनला म्हणालीही, “ऊन इतकं वर आलं, तरी तुमच्या या फळ्या अजून थंडीत किम्ची घालायच्या दिवसांसारख्या उभ्या का?”

“त्यांचा दिवस आला की पाडतो,” कॅप्टन म्हणाला. “इंजिनिअर बाईंनी कागद दिलाय. त्यावर महिना आणि दिवस लिहिलाय, मी एक दिवस इकडेतिकडे होऊ देत नाही. दर्या आणि कागद, दोन्हींशी मी कधी बेइमानी केली नाही.”

शिकलेल्या बाईनं लिहून दिलंय म्हटल्यावर तिनं तो विषय सोडला. तिथं ती चुकली, पण त्या क्षणी तिला दुसऱ्याच आकड्याची घाई होती.

आकडा सातव्या दिवशी पक्का झाला. धुतलेली रांग न धुतलेल्या रांगेपेक्षा शंभराला दोननं पुढं होती. ना कमी, ना जास्त. रोज दोन.

ती कागद घेऊन हॉलमध्ये गेली. खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर बायका पत्ते खेळत होत्या आणि जेसोप भिंतीला टेकून पेंगत होता.

“भावजी, हे बघा. माझं मीठ दोन खातं. मान्य. कमी पाच पडतात. दोन माझे. उरलेले तीन कुणाचे?”

जेसोपनं कागद लांब धरला, जवळ धरला. “वहिनी, एवढं बारीक कोण बघतं? मीठ आहे म्हणजे आहे.”

“बारीक मी नाही बघितलं. पाच कमी पडले म्हणून गळा तुम्हीच काढलात.”

“अहो, तुमचं वय झालं. किती दिवस वाफे ओढणार? पॅनल बसले की घरबसल्या वाटा येईल. गाव तुमचं भलंच करतंय.”

“माझं भलं मला विचारून करा,” माल्सुन म्हणाली. “एकतीस वर्षं तुमच्या घरात माझं मीठ जातंय. तुमच्या आईच्या किम्चीत, तुमच्या पोरीच्या लग्नातल्या सोयाबीनचं वाटण मुरवायच्या मडक्यात. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात माणसानं. तुम्ही तर मिठालाच चोर ठरवलंत.”

पत्ते थांबले. एका म्हातारीनं तिच्यासाठी जागा केली, पण ती बसली नाही. तिनं हात एप्रनच्या खिशात घातले.

“उघाडीची किल्ली द्या,” ती म्हणाली. “परवापासून उधाण आहे.”

किल्ली गावप्रमुखाच्या कमरेला असे. जेसोपनं किल्लीवर हात ठेवला. “बैठकीनंतर बघू. बुजवायचेच वाफे, तर पाणी कशाला घ्यायचं?”

हे उधाण चुकलं तर पुढची मोठी भरती पंधरा दिवसांनी, म्हणजे त्यांच्या पाच मेच्या तोंडावर. बैठकीआधीच निकाल लागला होता. ती घरी गेली आणि त्या रात्री जेवली नाही. भूक नव्हती म्हणून नाही, ज्या वाटीतून जेसोप सूप पिऊन गेला होता तीच वाटी पुढं आली म्हणून.

वीस तारखेला दहाच्या बोटीनं मिन युनसो आली. पस्तिशीची, बारीक चष्म्याची, बोट लागल्यामुळं पांढरीफटक पडलेली. अकरा वाजता तिनं हॉलच्या भिंतीवर चित्र पाडलं. दोन वर्षांचा एकेक महिना, अंदाजाची निळी रेघ आणि प्रत्यक्षाची लाल. बाकी सगळीकडं लाल रेघ निळीच्या थोडीशी खाली, पण दोन ठिकाणी चांगलीच खड्ड्यात गेलेली.

“एक खड्डा मार्च-एप्रिलचा,” युनसो म्हणाली, “आणि दुसरा सप्टेंबरपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत. मला वाटतं क्षार आणि धूळ. मिठागर इतकं जवळ असताना—”

“डिसेंबर?” माल्सुन मागून उठली. “बाई, नोव्हेंबरमध्ये मी कुठं असते ठाऊक आहे? किम्चीच्या कोबीच्या ढिगात. ऑक्टोबरात माझे वाफे कोरडे पडतात. त्यानंतर मीठ उडायला मीठ असावं लागतं. आणि मे-जूनमध्ये माझं सगळ्यात जास्त मीठ निघतं, तेव्हा तुमची लाल रेघ फारशी खाली का नाही? माझं मीठ काय महिने बघून उडतं?”

युनसोनं भिंतीकडं पाहिलं.

“हे मी या नजरेनं पाहिलं नव्हतं, काकू,” ती हळू म्हणाली.

“नजर कुठं होती मग? एवढे पगार घेता ना आकडे बघायचे?” माल्सुननं धुतलेल्या रांगेचा कागद तिच्यापुढं ठेवला. “मी मोजलंय. माझे दोन. मी दोन नाकारत नाही.”

युनसोनं कागद वाचला आणि तिच्या गालावर रंग आला. “काकू, क्षारांचे तीन मी अंदाजातच आधी वजा केलेत. शंभर हा आकडा ते वजा करूनच काढलेला आहे.”

हॉलमध्ये कुणाला पटकन उमजलं नाही. माल्सुनला उमजलं.

“म्हणजे ते दोनही माझे नाहीत,” ती म्हणाली. “माझ्या मिठाला तुम्ही आधीच तीन देऊन ठेवले होते, आणि त्यानं दोनच घेतले. पाचातला एकही माझा नाही. आणि मी सात दिवस तुमच्या काचा धुतल्या.”

जेसोप खाकरला. “बरं, बरं. आता मतदान—”

“मतदान नंतर. आधी सगळे बाहेर चला.” ती दाराशी जाऊन उभी राहिली. “बाई, तुम्ही हे पॅनल शेवटचे कधी पाहिलेत?”

“गेल्या जुलैमध्ये.”

“मग आता बघा. खुर्चीवर बसून ऊन मोजता येत नाही.”

बारा वाजायला आले होते. सगळं गाव रांगांपाशी जमलं. आकाश निरभ्र होतं आणि माणसांच्या सावल्या पायांत गोळा झाल्या होत्या. युनसो पहिल्या रांगेसमोर आली आणि थबकली. पिशवीतून तिनं कोन मोजायचं छोटं यंत्र काढून पॅनलाच्या कडेला लावलं, मग दुसऱ्या पॅनलाला, मग तिसऱ्या रांगेतल्या एकाला.

“पंचावन्न,” ती म्हणाली. “हा तर थंडीचा उतार आहे. वीस एप्रिल आज. हे तीसवर यायला हवे होते. दहा मार्चलाच. माझ्या कागदावर लिहिलंय, तिसरा महिना, दहा.”

“अजून सहा दिवस आहेत की,” कॅप्टन म्हणाला.

“कशाला सहा दिवस?”

“चंद्राच्या तिसऱ्या महिन्याच्या दहाला. आज तिसऱ्याची चौथ.” तो तिच्याकडं कीव केल्यासारखा बघत होता. “परवाच अमावस्येचं उधाण सुरू झालं. बाई, तुम्ही शहरातल्या. समुद्राला तुमची सरकारी तारीख कळत नाही. इथं सगळं तिथीनंच चालतं. हॉलमध्ये भरतीचं कॅलेंडर आहे, त्यावर मी तुमचे चारही दिवस लाल शाईनं लिहून ठेवलेत. एक दिवस चुकलो असेन तर सांगा.”

युनसोनं यंत्र खाली घेतलं. “आणि पाच-पाच? उन्हाळ्याचा उतार?”

“पाचव्याची पंचमी,” कॅप्टन खुशीत म्हणाला. “दानोचा सण. तो दिवस तुम्ही बरा निवडलात. झोपाळे, मटण, आंघोळी, तो दिवस कसा विसरेल कुणी? मी तेव्हाच म्हणालो होतो, पोरगी शहरातली असली तरी रीतभात जाणते.”

“तो दानो नव्हता,” युनसो म्हणाली. “पाच मे. बालदिन. सुट्टी असते, मुलं घरी असतात, सगळ्यांच्या लक्षात राहील म्हणून मी मुद्दाम तो दिवस धरला.”

बेटावर शेवटचं मूल अकरा वर्षांपूर्वी होतं, आणि तेही शाळेबरोबर बोटीत बसून गेलं होतं. बालदिन कधी येतो नि कधी जातो, इथं कुणाला कळायचंही कारण नव्हतं.

मग माल्सुनला हसू फुटलं, आणि त्या हसण्यात गोडी अजिबात नव्हती.

“उन्हाला चंद्राच्या तारखा लावल्यात,” ती म्हणाली. “सूर्याचं काम, आणि मुहूर्त चंद्राचे. वर गेल्या वर्षी अधिक महिना आला होता. शरदातला उतार कधी बदललात, कॅप्टन?”

कॅप्टननं बोटं मोजली. “आठव्याच्या वीसला. थंडी पडायला लागली होती.”

“ऑक्टोबरची अकरा तारीख,” युनसो फोनमध्ये बघून म्हणाली. “मी वीस ऑगस्ट लिहिली होती.”

कॅप्टन पॅनलाच्या चौकटीला धरून उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता, आणि माल्सुनला क्षणभर त्याची दया आली. पण क्षणभरच. याच माणसानं खिडकीच्या काचेवरचं मीठ बोटानं पुसून गावभर दाखवलं होतं.

“झालं ते झालं,” जेसोप पुढं आला. त्यानं तोंडावर हसू आणलं. “चूक कागदाची आहे. कागदावर ‘मार्च’ असं स्वच्छ लिहायला हवं होतं. कंपनीला पत्र लिहू. मतदान पुढं ढकलू. वहिनी, तुमचंही राहू दे आत्तापुरतं.”

“कंपनीला पत्र नाही लिहायचं,” माल्सुन म्हणाली. “ही पोर निदान कोन मोजायला वाकली. तुम्ही कुणी दोन वर्षांत वाकलात? मी चौथ्या दिवशी विचारलं, फळ्या उभ्या का. तुम्ही सगळे रोज इथून जाता. म्हाताऱ्या बाईलासुद्धा दिसतं की ऊन वर आलं, काच खाली बघतेय. पण तुम्हाला बघायचं नव्हतं. तुम्हाला मिळाली होती मी.”

“तसं नव्हे, वहिनी—”

“तसंच. एकटी आहे, भांडणार नाही, बुजवू तिचे वाफे. मतदान पुढं ढकलायचं नाही, भावजी. रद्द. आत्ता, सगळ्यांसमोर म्हणा. कर्ण्यावर नको, तोंडानं म्हणा.”

जेसोपनं इकडंतिकडं पाहिलं. हॉलमधली ती जागा करून देणारी म्हातारी म्हणाली, “म्हण की रे. गळ्यात काय मासा अडकलाय?”

“रद्द,” जेसोप म्हणाला.

“किल्ली.”

त्यानं कमरेची किल्ली सोडली. गाठ सुटायला वेळ लागला आणि तेवढा वेळ सगळे त्याच्या बोटांकडं बघत उभे होते.

“आता हँडलं फिरवा,” माल्सुन म्हणाली. “कॅप्टन, पहिली रांग तुम्ही. मी धुतलीय ती, जरा जपून.”

बारा रांगा, बारा माणसं. गुडघे धरत, एकमेकांना शिव्या घालत गावानं हँडलं फिरवली. पॅनल कुरकुरत मागं झुकले. टपरीतल्या आकड्याजवळ युनसो उभी होती. सुरुवातीला तो बहात्तर होता. अर्ध्या तासानं तिनं बाहेर येऊन सांगितलं, “ऐंशी.” ऊन तेच होतं, मीठही तेच. मग तिनं माल्सुनकडं येऊन मान खाली वाकवली. “काकू, मी माफी मागते. मी रेघा पाहिल्या, महिने पाहिले नाहीत.”

“पुढच्या खेपेला आधी बेट बघ,” माल्सुन म्हणाली. “मग अंदाज बांध.”

युनसो तिच्याबरोबर उघाडीपर्यंत आली. मागून कॅप्टनही पाय ओढत आला आणि चार पावलं लांब उभा राहिला. माल्सुननं किल्ली फिरवली, चाक दोन्ही हातांनी ओढलं. दार वर उठलं आणि समुद्र चिखलाच्या पाटातून आत शिरला. कॅप्टन चाकाला हात लावायला पुढं झाला, तिनं कोपरानं त्याला बाजूला सारलं.

पाणी पहिल्या वाफ्यात पसरेपर्यंत तो बघत राहिला. मग म्हणाला, “माल्सुन, एक विचारू? तिसऱ्याच्या दहाचं कळलं आता. पण ते पाच मेचं. दानो असता तर लक्षात राहिला असता. बालदिन इथं कोण लक्षात ठेवणार?”

माल्सुननं चाकाला खीळ घातली.

“पाच मे म्हणजे माझं मिठागर बुजवायचा तुम्ही ठरवलेला दिवस,” ती म्हणाली. “तेवढं लक्षात ठेवा. मी तर ठेवणारच आहे.”